एकाच बाटलीतली लस

थोरलीला आयुष्यात कोणी पसंत पडलं नाही. जन्मली तेव्हा तिनं सुइणीकडे बघूनसुद्धा नाक मुरडलं असणार, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, आणि धाकट्याचं तेवढं एकच बोलणं तिला पटलेलं होतं.

शाळेतल्या मास्तरांना ती 'खडूचा चुरा' म्हणायची. वर्गातल्या मुली तिच्या मते दोनच प्रकारच्या होत्या, मंद आणि अतिमंद, आणि दुसऱ्या प्रकारच्यांची लग्नं लवकर व्हायची. तिचं स्वतःचं लग्न उशिरा झालं, तेही घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका सज्जन माणसाशी. तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसायचा. घरी आला की भिंग काढायचा, मान तशीच ठेवायचा.

"लोकांची घड्याळं चालवता, आणि आपलं घर मागे पडलंय ते दिसत नाही," थोरली म्हणायची.

तो हसायचा. हसणाऱ्या माणसाचं काय करायचं हे तिला कधी कळलं नाही. पुढे छातीच्या दुखण्यानं तो गेला. भेटायला आलेल्या बायकांनी तिचा हात हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "सोडा, चुलीवरचं दूध उतू जाईल." नवरा होता तेव्हाही तिच्या लेखी फारसा नव्हता, असं बायका बाहेर पडताना म्हणाल्या. त्याचं भिंग तिनं आपल्या लुगड्यांच्या घडीत ठेवलं होतं, हे त्या बायकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परतली आणि वडिलांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये उभी राहिली. वडिलांना तोंडावर ती काही बोलत नसे, एवढाच त्यांचा मान. वडील वारल्यावर जागेचे दोन भाग झाले. धाकटा त्याच सुमारास कचेरीतली टायपिंगची नोकरी सोडून आला होता. त्यानं समोरच्या अर्ध्या जागेत नवी शेड बांधली. जुनी थोरलीनं घेतली.

"जुनं चालवता येत नाही तोच नवं बांधायला निघतो," ती म्हणाली.

दोन शेडच्या मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली होती. गल्लीच्या अलीकडे अर्ध्या उंचीच्या विटांच्या भिंती, वर गंजलेली जाळी, त्यावर पत्रा. पलीकडे पांढरा रंग, नळातून थेंब थेंब पाणी देणारी भांडी, आणि दारात औषधी पाण्यानं भरलेला पसरट टब. त्यात गमबूट बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, अशी पाटी. धाकटा पांढरा कोट घालून आत शिरायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आत कोंबड्या नाहीत, पेशंट झोपलेत.

थोरली आपल्या दारात पालथ्या क्रेटवर बसायची आणि हे बघत राहायची. तिला त्याहून चांगली करमणूक मिळाली नसती.

"बूट धुतलेस?" ती ओरडून विचारायची. "आता तोंडही बुडव. तेच जास्त घाण आहे."

"ताई, तू तुझ्या उकिरड्याकडे बघ."

उकिरडा म्हणजे तिच्या शेडमधली गादी. जमिनीवर लाकडाच्या भुशाचा थर पसरतात त्याला कोंबडीवाले गादी म्हणतात. कोंबड्या त्यावर चालतात, खरवडतात, शीट टाकतात, आणि एक तुकडी विकली की बहुतेक जण ती सगळी गादी उपसून नवा भुसा घालतात. धाकटा तर जमीन जंतुनाशकानं धुऊन, वाळवून, पुन्हा धुवायचा. थोरली उपसत नसे. फावड्यानं खालवर करायची, ओले गड्डे तेवढे बाहेर फेकायची आणि वरून नवा भुसा भुरभुरायची. ह्यामागे काही शास्त्र होतं म्हणाल तर नव्हतं. तिचे गुडघे दुखायचे, आणि उपसायला माणूस लावायचा तर तो माणूस तिला दिवसभर सहन करावा लागला असता.

धाकट्याकडे एक औषधवाला यायचा. केस चप्प बसवलेले, हातात कातडी बॅग, आणि बोलण्यात दर वाक्याला 'खबरदारी'. पिल्लं आली की पहिल्या आठवड्यात पाण्यात जंतू मारायचं औषध, खबरदारी म्हणून. एखादं शिंकलं की पुन्हा. हवा पालटली की पुन्हा. लस द्यायच्या आधी, पिल्लं थकू नयेत म्हणून, आणि लस दिल्यावर, थकली असतील म्हणून. धाकट्याची पिल्लं पाण्यातून औषध घेत नव्हती, औषधातून थोडं पाणी घेत होती.

"हा तुला लुटतो," थोरली म्हणायची.

"तो शिकलेला आहे, ताई."

"म्हणूनच सफाईनं लुटतो."

औषधवाला एकदा चुकून गल्लीच्या अलीकडे आला होता. थोरलीनं त्याला क्रेटवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या टायपासून बुटापर्यंत असं न्याहाळलं की तो पाणी अर्धवट टाकून उठला. पुन्हा आला नाही. तिनं काहीसुद्धा केलं नव्हतं, असं ती सांगायची, आणि ते खरं होतं.

त्या वर्षी दोघांनी मिळून एकाच हॅचरीतून पिल्लं मागवली, कारण गाडी एकच यायची होती. डबे उतरवले, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आठवड्याभरानं जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून आली. तिशीची, सडपातळ, कमी बोलणारी. थोरलीला ती जरा कमी नापसंत होती. धाकट्याच्या पिल्लांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घालून झाल्यावर ती गल्लीत येऊन उभी राहिली.

"मावशी, बाटलीत बरीच लस उरलीय. एकदा फोडली की लगेच संपवावी लागते. तुमच्या पिल्लांना घालू का?"

"कशावरची?"

"मानमोडीवरची."

"आमच्या वडिलांनी कधी घातली नाही."

"मग त्यांच्या वेळी मानमोडी आली नसेल."

आली होती. एका थंडीत अख्खी शेड रिकामी झाली होती आणि वडील महिनाभर कुणाशी बोलले नव्हते. थोरलीनं ते सांगितलं नाही.

"डोळ्यात थेंब घालून मरण टळत असतं, तर मी रोज कांदा चिरते. अमर व्हायला हवं होतं."

डॉक्टरीणबाईनं वाद घातला नाही. "बरं. मग ओतून टाकते," ती म्हणाली आणि झाकण काढलं.

थोरलीला माणूस वाया गेलेला चालायचा, वस्तू वाया गेलेली चालायची नाही.

"थांबा," ती म्हणाली. "आणा इकडे. फुकटचं सोडवत नाही म्हणून घेतेय. विश्वास-बिश्वास काही नाही, ते ध्यानात ठेवा."

दोघींनी मिळून सगळी पिल्लं हातावेगळी केली. थोरली एकेक पिल्लू उचलून मान तिरकी धरायची आणि प्रत्येकाला काहीतरी बोलायची. "हे बघा ध्यान. हे माझ्या दिरासारखं. हे कधी अंडं देईलसं वाटत नाही, तोंडावरच आळस आहे." डॉक्टरीणबाई थेंब घालत होती आणि ओठ आवळून हसू दाबत होती.

महिना-दीड महिन्यानं ती पुन्हा आली आणि दोन्हीकडच्या काही तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचं, रक्त घेऊन गेली. लस अंगाला लागली की नाही ते रक्तावरून कळतं, म्हणाली. रोगाशी लढायची तयारी शरीरानं किती करून ठेवलीय ते मोजता येतं. धाकट्यानं स्वतःच हौसेनं तपासणी मागवली होती. त्याला कागदावर शिक्का मारून हवा होता की त्याची शेड ती शेड आणि समोरचा तो उकिरडा.

निकाल आला तो उलटा. डॉक्टरीणबाईनं गल्लीत उभं राहूनच सांगितलं. थोरलीच्या कोंबड्यांत लस चांगली धरली होती, आणि सगळ्यांत सारखी. धाकट्याकडे बेताची, काहींत तर जवळजवळ नाहीच.

धाकट्याचा पांढरा कोट त्या क्षणी त्याला मोठा झाल्यासारखा दिसू लागला.

"बाटली एकच होती ना?"

"एकच."

"पिल्लं एकाच हॅचरीची."

"हो."

"मग तुमच्या तपासणीत घोळ आहे. नळ्या अदलाबदल झाल्या असतील."

"मलाही तसं वाटलं, म्हणून पुन्हा केली. तेच आलं."

थोरली क्रेटवरून उठली. ती कुणासाठी उठत नसे, पण हे ऐकायला तिला जवळून उभं राहायचं होतं.

डॉक्टरीणबाई धाकट्याच्या शेडच्या पायरीवर टेकली आणि सावकाश सांगू लागली. "पिल्लू मशिनमध्ये जन्मतं. आई त्याला दिसतच नाही. आईपाशी वाढलं असतं तर तिच्या पायाखालचं टिपता टिपता तिच्या पोटातले जंतू त्याच्या आतड्यात वस्तीला आले असते. सगळे जंतू काही वाईट नसतात, बरेचसे उपयोगी असतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींचा मोठा फौजफाटा आतड्याच्या आसपासच राहतो. ह्या जंतूंच्या शेजारात त्या पेशी तयार होतात. कुणाकडे काणाडोळा करायचा, कुणावर तुटून पडायचं, हे शिकतात. मग लस दिली की ती ओळख पक्की बसते. मावशींच्या गादीत मागच्या कोंबड्यांचे जंतू होते, ते पिल्लांना पहिल्या दिवसापासून मिळाले. तुमच्याकडे एक तर ते पोचलेच नाहीत, आणि जे थोडेफार पोचले त्यांना तुम्ही पाण्यातल्या औषधानं मारलंत. नेमकं लशीच्या आठवड्यात."

"मी तर खबरदारी घेतली," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी टायपिंगच्या नोकरीतला झाला होता.

"रोग झाल्यावर ते औषध लागतंच. रोग नसताना रोज दिलं की मित्रही मरतात. अगदी हेच कारण आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, आणखीही काही असू शकेल. पण औषध बंद करा, थोड्या दिवसांनी पुन्हा लस देऊ."

"म्हणजे माझी घाण ह्याच्या औषधापेक्षा बरी," थोरली म्हणाली.

"मावशी, तसं मी म्हटलं नाही."

"मी ऐकलं."

"घाणीत रोगही असतात. तुमच्या कोंबड्या निरोगी होत्या म्हणून..."

पण थोरली वळली होती. अर्ध्या वाक्यावर निघून जायची तिची जुनीच पद्धत. माणसं पुढच्या अर्ध्या वाक्यात स्वतःचंच म्हणणं पातळ करतात, असं तिचं मत होतं.

त्यानंतरचे महिने म्हणजे तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ. ज्यांना ती बाजारात ओळख देत नसे त्यांनाही थांबवून तिनं सांगितलं. खाद्यवाल्याला सांगितलं, अंडी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला सांगितलं, गल्लीत वाट चुकून आलेल्या पोस्टमनलाही सांगितलं. सांगता सांगता गोष्ट थोडी बदलली. पहिल्यांदा लस आणि गादी दोन्ही होती. मग लस मागे पडली. शेवटी तर 'त्या बाईनं काहीतरी थेंब घातले होते खरे' एवढ्यावर आली, आणि मग तेही गळालं. गुडघेदुखीमुळे उपसायची राहिलेली गादी तिच्या बोलण्यात तिची युक्ती झाली, आणि युक्तीची पुढे विद्या झाली.

धाकट्यानं औषध बंद केलं. औषधवाला दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा आला नाही. तुकडी पुन्हा लस घेऊन नीट निघाली. पुढच्या वर्षीची पिल्लं यायची वेळ झाली तेव्हा एका दुपारी धाकट्याची बायको रिकामी पाटी घेऊन गल्ली ओलांडून आली. नणंदेशी बोलायचं म्हणजे तिला आधी घरात दोन-तीन वेळा मनातल्या मनात बोलून बघावं लागे.

"वन्सं, थोडी गादी हवी होती."

थोरलीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "काय हवं होतं?"

"गादी. जुनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या कोंबड्या निरोगी आहेत तोवर त्यातली मूठ मूठ नव्या पिल्लांत टाकून बघा."

"म्हणजे शीट मागायला आलीस."

भावजयीनं पाटी ह्या हातातून त्या हातात घेतली. तिचे कान लाल झाले.

"त्याला यायला काय झालं? पांढरा कोट मळतो?"

"ते म्हणाले, तुम्ही त्यांना हसाल."

"आणि तुला हसणार नाही असं वाटलं त्याला?"

"मला सवय आहे," भावजय म्हणाली.

थोरलीनं फावडं घेतलं, कोपऱ्यातली कोरडी, भुरभुरीत गादी पाटीत भरली, वर तळहातानं थोपटली आणि पाटी भावजयीच्या डोक्यावर चढवून दिली. "सांग त्याला," ती मागून म्हणाली, "आयुष्यभर माझं काही घेतलं नाही, आणि घेतलं ते हे."

नवी पिल्लं आली. डॉक्टरीणबाईही आली, बर्फाची पेटी घेऊन. ह्या खेपेला ती आधी थोरलीकडे आली.

"लस घालून घेऊ, मावशी."

"मला नको."

"का?"

"माझ्या कोंबड्यांना गरज नाही. पोट भक्कम आहे त्यांचं. तुम्हीच सांगितलंत."

"मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्ही एक ठेवलीत."

"कामाची ठेवली."

डॉक्टरीणबाईनं पेटी जमिनीवर ठेवली. "मावशी, पोट भक्कम असलं तर शरीर शिकायला तयार असतं. पण शिकायला धडा तर पुढे यायला हवा. मानमोडीची ओळख तुमच्या गादीत नाही. ती असती तर एव्हाना कोंबड्या राहिल्या नसत्या. लस ती ओळख करून देते, मारल्याशिवाय. फुकट घालते, घ्या."

"फुकट" ह्या शब्दानं मागच्या वेळी काम केलं होतं. ह्या वेळी थोरलीला तो अपमान वाटला. लस घेतली की विद्या निम्मी होणार होती, आणि वर्षभर बाजारात सांगितलेलं सगळं निम्मं खोटं ठरणार होतं. धाकटा समोरच्या दारात उभा राहून ऐकत होता हेही तिला दिसत होतं.

"त्याच्या पिल्लांना घाला," ती म्हणाली. "त्याला गरज आहे. माझी घाण नेऊनही त्याला भरवसा नाही."

डॉक्टरीणबाईनं गल्ली ओलांडून धाकट्याची पिल्लं उरकली. उरलेली लस तिनं मोरीत ओतली. थोरलीनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

पिल्लांच्या तलंगा झाल्या, तलंगा अंड्यावर आल्या. दिसायला दोन्ही शेड सारख्याच. थोरलीचा तोंडाचा पट्टा पूर्वीसारखाच चालू होता. थंडी सुरू झाली तेव्हा कुठूनशी मानमोडी आली. अंड्यांच्या गाडीतले ट्रे दहा ठिकाणी फिरून यायचे, त्यातून आली असेल, किंवा आणखी कशातून. रोग पत्ता सांगून येत नाही. एका सकाळी थोरलीच्या दोन कोंबड्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसल्या होत्या. चोच उघडी, श्वासाला घरघर. शीट हिरवट. तिनं त्यांना वेगळं काढलं आणि म्हणाली, "नाजूक कुठल्या. धाकट्याकडे जन्मायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी एकीची मान मागे वळली. वळून पाठीला टेकली. कोंबडी आपल्याच शेपटीकडे बघत गोल गोल फिरत राहिली आणि पडली. तशी मान थोरलीनं लहानपणी वडिलांच्या शेडमध्ये पाहिली होती. तिला नाव घ्यावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईला तिनं स्वतः बोलावलं नाही. धाकट्यानं बोलावलं. ती आली, तिनं आत पाहिलं, आणि बाहेर येऊन समोर धाकट्याच्या टबात बूट बुडवले.

"औषध?" थोरलीनं विचारलं.

"ह्याच्यावर नाही."

"आता लस घाला."

"आता आजारी कोंबड्यांना घालून उपयोग नाही, मावशी. वरातीमागून घोडं आहे ते."

आठवडाभर शेड रिकामी होत गेली. आडव्या दांडीवर झोपलेल्या कोंबड्या सकाळी खाली पडलेल्या असायच्या. अंडी यायची थांबली, आलेली मऊ सालीची, हातात घेतली की खचायची. थोरली दर सकाळी आत जायची आणि प्रत्येक मेलेल्या कोंबडीला शिव्या घालायची, पण आवाज लागत नव्हता. शिव्या घालताना समोर कोणी ऐकणारं असावं लागतं, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

समोरच्या शेडमध्ये काही कोंबड्या सुस्तावल्या, अंडी थोडे दिवस घटली, दोन-चार मेल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाखाली तिचीच गादी होती.

खड्डा धाकट्यानं खणला. तिनं सांगितलं नव्हतं. तो कोट न घालता आला, जुना सदरा, हातात कुदळ, आणि शेडच्या मागे सकाळभर खणत राहिला. मग दोघांनी पोती ओढत नेली. चुन्याचा थर, कोंबड्या, पुन्हा चुना. भावजयीनं पाण्याची कळशी आणून ठेवली आणि लांब उभी राहिली. थोरली वाट बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. त्याच्या जागी ती असती तर पहिलं पोतं खड्ड्यात पडायच्या आत बोलली असती. वर्षभराचं एकेक वाक्य तिनं व्याजासकट परत केलं असतं. धाकट्यानं शेवटची माती लोटली, कुदळ खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "ताई, जेवायला ये. तुझ्याकडे चूल पेटलेली नाही."

हिणवायचीसुद्धा धमक नाही ह्याच्यात, तिच्या मनात आलं. आणि त्याच्याबद्दलचा तिरस्कार ती नेहमीसारखा उचलायला गेली तर तो हाताला लागेना. त्या जागी ती स्वतःच उभी दिसली. आरशात रोज दिसणारं ते एकच तोंड तिला आत्तापर्यंत बरं वाटत आलं होतं.

ती जेवायला गेली नाही. संध्याकाळी भावजय ताट झाकून घेऊन आली, पालथ्या क्रेटवर ठेवून गेली. थोरलीनं ते खाल्लं. मीठ कमी होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

शेड बरेच दिवस रिकामी ठेवावी लागली. डॉक्टरीणबाईनं ह्या वेळी सगळी गादी उपसायला लावली, कारण आता तिच्यात मानमोडी होती. गुडघ्यांचं कारण थोरलीनं सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "माणूस लावा." माणूस लावला. तो दिवसभर बडबडत होता, शिट्ट्या वाजवत होता, आणि थोरलीनं तो सहन केला. जमीन धुतली, चुना फासला, उन्हं आत येऊ दिली. जाळीतून आत पाहिलं की थेट मागची भिंत दिसायची, मध्ये काही नाही.

बाजारात तिला विचारायला लोक आले. तुच्छ लेखलेल्या माणसाची आठवण अशा बाबतीत चांगली असते. खाद्यवाल्यानं पोतं तोलता तोलता विचारलं, "काय मावशी, तुमची ती विद्या?"

"अर्धी होती," थोरली म्हणाली. "दुसऱ्या अर्ध्याला मी नाही म्हटलं."

खाद्यवाला पुढे हसायच्या तयारीत होता, त्याचं हसू तोंडातच राहिलं. त्याला उलट उत्तराची सवय होती, सरळ उत्तराचं काय करायचं ते कळेना. "वजन नीट बघ," ती म्हणाली, "काट्याला अंगठा लागलाय तुझा." तेवढ्यानं त्याला जरा बरं वाटलं.

पुढच्या हंगामात ती पिल्लं मागवायला निघाली तेव्हा आधी गल्ली ओलांडून धाकट्याच्या दारात गेली. टबापाशी थांबली. चपला काढून तिथले गमबूट घातले, ते मोठे होते, आणि पाय त्या पाण्यात बुडवला. आयुष्यात पहिल्यांदा. धाकटा आतून बघत राहिला.

"बघतोस काय? गादी हवीय," ती म्हणाली. "पाटीभर. तुझी आता तपासून निरोगी निघाली असं ती बाई म्हणते. मला वास तर तसाच येतोय."

"ती तुझीच आहे, ताई. मागच्या वर्षीची."

"तुझ्याकडे राहून बिघडली असेल. तरी दे."

त्यानं स्वतः भरून दिली.

पिल्लं आली त्याच्या पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईची स्कूटर गल्लीत शिरली, तेव्हा थोरलीनं सगळी पिल्लं डब्यांत भरून, डबे सावलीत ओळीनं मांडून ठेवले होते आणि ती सकाळपासून तिथे बसून होती. "उशीर केलात," ती म्हणाली. उशीर झालेला नव्हता. डॉक्टरीणबाईनं बाटली फोडली, ड्रॉपर लावला.

"पाण्यात औषध वगैरे काही?"

"मी काय धाकटा आहे?"

पहिलं पिल्लू तिनं उचललं, मान तिरकी धरली. "हे बघा. जन्मल्यापासून रडका चेहरा. पण घाला." थेंब पडला, पिल्लानं पापणी मिटली, आणि थेंब गालावरून ओघळून थोरलीच्या अंगठ्यावर आला. डॉक्टरीणबाई पुढच्या पिल्लाकडे वळत होती.

"आत गेला नाही," थोरली म्हणाली.

"थोडा गेला असेल."

"थोडा नको. पुन्हा घाला."

डॉक्टरीणबाईनं पुन्हा घातला. थोरलीनं ते पिल्लू डोळ्यासमोर धरून नीट पाहिलं, पापणी उघडेपर्यंत तसंच धरलं, आणि मग खाली सोडून दुसरं उचललं.